धामणीच्या आतड्यातले नऊ जंत: नवी प्रजाती म्हणायची की नाही?

पार्श्वभूमी

जूनचा दुसरा आठवडा होता. मृगाचा एक पाऊस होऊन गेला होता, पण सोलापूरचा उकाडा हटला नव्हता. सकाळी साडेसातच्या सुमारास मोहोळकडच्या एका सर्पमित्राचा फोन आला. पुणे-सोलापूर महामार्गालगत, उसाच्या फडाशेजारी, गाडीखाली सापडलेली धामण पडली होती. "मॅडम, डोकं गेलंय बगा, पण पोट शाबूत हाय. तुमाला पायजे असंल तर बर्फात घालून ठिवतो."

मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. त्या वर्षी माझ्याकडे एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी सापांच्या शरीरातले परजीवी कृमी हा विषय घेतला होता. विषय तिचाच. तिचं गाव भीमेच्या काठी, घरचा ऊस. उजनीच्या कालव्याचं पाणी आलं तसा ऊस वाढला, उसात उंदीर वाढले आणि उंदरांच्या मागे धामणी आल्या, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. ऊसतोड सुरू झाली किंवा पहिला पाऊस पडला की धामणी फडाबाहेर येतात आणि रस्त्यावर चिरडल्या जातात. प्रकल्पासाठी एकही साप मारायचा नाही, फक्त रस्त्यावर मेलेले घ्यायचे, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

मेलेला साप कुणाच्याच मालकीचा नसतो, उचलला तर काय बिघडलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे मेलेला वन्यप्राणीसुद्धा सरकारची मालमत्ता असतो. संशोधनासाठी कलम १२ खाली लेखी परवानगी लागते. ती आम्ही आधीच काढून ठेवली होती. तरी प्रत्येक वेळी वनविभागाला कळवायचं, पंचनामा व्हायचा आणि मगच साप हलवायचा, असा आमचा शिरस्ता. त्या दिवशी हे सगळं उरकून धामण प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला. सर्पमित्रदादांनी मासे विकणाऱ्याकडून थर्माकोलचं खोकं आणून त्यात बर्फ भरला होता म्हणून पोट फुगलं नव्हतं. साप मेल्यावर आतले जंत काही तासांतच मरून विरघळायला लागतात, आणि विरघळलेल्या जंताची ओळख पटवता येत नाही. त्या खोक्याचे उपकार पुढे दोन वर्षं आम्हाला पुरले.

पोट उघडल्यावर

हातमोजे आणि मास्क घालूनच आम्ही सापाचं विच्छेदन करतो. सापांच्या फुफ्फुसात राहणाऱ्या काही परजीवींची अंडी माणसाच्या पोटात गेली तर त्यांची पिल्लं माणसाच्या अवयवांतही ठाण मांडतात, म्हणून.

फुफ्फुसात दोन मोठे, गुलाबीसर, अंगभर वळ्या असलेले प्राणी निघाले. विद्यार्थिनीने वहीत लगेच लिहिलं, "गोलकृमी, मोठा, वलयांकित." भिंगाखाली डोकं बघितलं तेव्हा ते बोंडासारखं गोल, मागे बारीक मान, आणि तोंडाभोवती चार बारीक आकडे. गोलकृमीला असे आकडे नसतात आणि त्याचं अंग खरोखर वळ्यावळ्यांचं नसतं. हे किरिसेफॅलस वंशातले पेंटास्टोम होते. आशियातल्या धामणींमध्ये ते पूर्वीपासून ठाऊक आहेत. दिसायला जंत, पण नातं खेकडा-कोळंबीच्या कुळाशी. माशांच्या अंगावर चिकटणाऱ्या आर्ग्युलसचे ते जवळचे भाऊबंद आहेत, हे डीएनएने दाखवून दिलं आहे. "वहीतलं खोडू का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "खोडू नकोस, बाजूला दुरुस्ती लिही." आज ती वही उघडली की ती दुरुस्ती आधी डोळ्यात भरते, आणि ते बरंच आहे.

खरा पेच आतड्यात होता. आतड्याच्या आतल्या अस्तराला नऊ बारीक जंत चिकटलेले होते. शेवईच्या तुकड्याएवढे, टोकाशी किंचित लालसर. चिमट्याने ओढले तर सुटेनात, अस्तराची चिमूट तोंडात धरून बसलेले. मिठाच्या कोमट द्रावणात सोडले तेव्हा त्यातले सात-आठ वळवळत होते.

आणि इथेच आमच्या हातून चूक झाली.

आमच्या प्रयोगशाळेत दहा टक्के फॉर्मॅलिनची बरणी कायम भरलेली असते. आमचे मामा, म्हणजे प्रयोगशाळा परिचर, तीस वर्षं तेच करत आले आहेत: नमुना आला की फॉर्मॅलिन. त्यांनी सवयीने बरणी पुढे केली आणि विद्यार्थिनीने नऊच्या नऊ जंत त्यात सोडले. मी शेजारीच उभी राहून चिठ्ठीवर तारीख आणि ठिकाण लिहीत होते. जंतांनी एकदा जोरात अंग आक्रसलं आणि जिलबीसारखी वेटोळी घालून ते तळाशी बसले. ते मी पाहिलं. काही बोलले नाही, कारण त्या क्षणी मलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. वर्गात शिकवताना मी स्वतः सांगते की जिवंत गोलकृमी गरम अल्कोहोलमध्ये मारावा म्हणजे तो सरळ राहतो, आणि डीएनएसाठीचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये कधीच घालू नये. नेमकं हवं तेव्हा ते आठवलं नाही. याचा दोष ना मामांचा, ना तिचा. तिथे उभी असलेली शिक्षक मी होते.

नवी असावी असं का वाटलं

वंश कुठला, याबद्दल अडलं नाही. तोंडाच्या जागी उभी फट आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन जाड कठीण जबडे, शिंपल्याच्या दोन अर्ध्या भागांसारखे. असं तोंड सापांच्या आतड्यातल्या कॅलिसेफॅलस या वंशाचं. मोलिन या अभ्यासकाने १८६१ मध्ये हा वंश स्थापला. माणसातल्या हुकवर्मचा हा लांबचा नातेवाईक. जमिनीवरच्या अळ्या तोंडावाटे सापाच्या पोटात जातात. मधे दुसऱ्या प्राण्याची गरज नसते.

प्रजाती ठरवताना मात्र गाडी अडली. नऊही जंत माद्या निघाल्या. लॅक्टोफेनॉलमध्ये ठेवून पारदर्शक केल्यावर मोजमापं घेतली. बेलिस यांनी लिहिलेला ब्रिटिश भारतातल्या गोलकृमींवरचा १९३६ चा खंड आणि गेरहार्ड शाड यांनी १९६२ मध्ये केलेली या वंशाची फेरमांडणी, अशी दोन्ही समोर ठेवली. शरीराच्या लांबीच्या मानाने तोंडाचा कठीण कप्पा मोठा होता. एवढं प्रमाण आम्हाला मिळालेल्या एकाही वर्णनात नव्हतं. योनिछिद्राची जागाही थोडी पुढे वाटत होती. वहीत त्या दिवशीच्या पानावर "नवीन" हा शब्द दोन रेघा ओढून लिहिलेला आहे. अक्षर तिचं आहे, पण दुसरी रेघ माझी.

नाव काय द्यायचं याची चर्चा त्याच संध्याकाळी सुरू झाली. तिला ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या नावावरून काहीतरी हवं होतं. मला सोलापूरच्या नावावरून "सोलापुरेन्सिस" बरं वाटत होतं. एका सहकाऱ्याने कॅन्टीनमध्ये ही गोष्ट कुणाला तरी सांगितली आणि चौथ्या दिवशी एका वार्ताहराचा फोन आला: "मॅडम, सोलापुरात नवा जंत सापडलाय म्हणे. माणसाला होतो का?"

हा प्रश्न हवेतून आला नव्हता. ऑस्ट्रेलियात एका ६४ वर्षांच्या बाईच्या मेंदूतून सापाचा आठ सेंटिमीटरचा जिवंत गोलकृमी काढल्याची बातमी २०२३ मध्ये जगभर गाजली होती. तो अजगरात राहणारा ओफिडास्कॅरिस रॉबर्ट्सी, वेगळ्या घराण्याचा, आणि माणसात तो सापडण्याची ती पहिलीच वेळ. आमच्या आतड्यातल्या बारक्या जंताशी त्याचा संबंध नाही, हे मी वार्ताहराला समजावून सांगितलं आणि बातमी देऊ नका अशी विनंती केली. त्यांनी ती मानली. छापलं असतं तर आसपासच्या गावांत लोकांनी धामणी ठेचल्या असत्या, ही भीती मला नव्या नावापेक्षा मोठी वाटत होती. धामण बिनविषारी, शेतकऱ्याची उंदीर खाणारी सोबतीण, पण नाग समजून ती आजही मारली जाते.

कोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे नऊ माद्यांवरून वर्णन लिहून नवी प्रजाती जाहीर करायची. नियम आड येत नव्हते. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता, जिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे, एवढंच मागते की नाव नवं असल्याचं स्पष्ट म्हणावं, वेगळेपण सांगणारं वर्णन द्यावं, एक आदर्श नमुना, म्हणजे ज्याच्याशी ते नाव कायमचं जोडलं जातं तो जंत, नेमावा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला ते लिहावं. नर हवाच असं ती म्हणत नाही. लिहिलेलं नाव नियमात बसतं की नाही, एवढंच संहिता बघते. तो जंत खरोखर वेगळा आहे की नाही, हे बघणं आपल्यावर असतं.

विद्यार्थिनीच्या बाजूनेही विचार करायला हवा होता. तिला पुढे पीएच.डी.ला प्रवेश हवा होता. अर्जावर "नव्या प्रजातीचा शोध" ही ओळ असणं आणि नसणं यात किती फरक पडतो, ते मला माहीत आहे. तिने बोलून दाखवलं नाही, पण एकदा हळूच विचारलं, "मॅडम, थांबलो आणि दुसऱ्या कुणी आधी छापलं तर?" हा प्रश्न रास्त होता, आणि माझ्याकडे त्याला ठाम उत्तर नव्हतं.

नाही म्हणायला कारण होतं ते शाड यांच्या कामात. त्यांच्याआधीच्या पन्नास-साठ वर्षांत या वंशात ढिगाने नावं दिली गेली होती, त्यातली बरीच भारतातल्या सापांतल्या जंतांना. कुणी एका नमुन्यावरून, कुणी नुसत्या माद्यांवरून, कुणी केवळ साप वेगळा म्हणून जंतही वेगळा असं धरून. शाड यांनी ते सगळं तपासलं तेव्हा त्यातली कितीतरी नावं एकाच जंताची निघाली, कारण या वंशातली एकच प्रजाती बऱ्याचदा निरनिराळ्या सापांत राहते. म्हणजे "धामणीत सापडला" हा वेगळेपणाचा पुरावा होत नाही. नवं नाव देऊन मोकळं व्हायचं आणि तीस वर्षांनी दुसऱ्या कुणी ते निस्तरायचं, हे मला पटेना.

दुसरा पर्याय म्हणजे "कॅलिसेफॅलस, प्रजाती अनिश्चित" एवढीच नोंद छापायची. तिसरा, नर मिळेपर्यंत थांबायचं. या वंशातल्या नराच्या शेपटीला छत्रीसारखा पसरट पडदा असतो आणि त्यात छत्रीच्या काड्यांसारखे किरण असतात. मधल्या, म्हणजे पाठीकडच्या किरणाला फांद्या कुठे फुटतात आणि किती, यावर प्रजातीची ओळख बरीचशी अवलंबून असते. त्याच्या जोडीला समागमाच्या वेळी वापरायचे दोन काटे, त्यांची लांबी. मादीत यातलं काहीच नसतं. नराशिवाय या वंशात पुढे जाणं म्हणजे सात-बारा न बघता जमीन घेणं.

आम्ही थांबायचं ठरवलं. पावसाळा संपेपर्यंत धामणी मिळत राहणार होत्या.

काय केलं

थांबलो म्हणजे हातावर हात ठेवून बसलो नाही. मला रात्री एक गोष्ट खटकत राहिली होती. जंत फॉर्मॅलिनमध्ये पडताच आक्रसले होते. अंग आक्रसलं असेल, पण तोंडाचा कप्पा कठीण आहे, तो आक्रसणार नाही. मग अंग आखूड आणि कप्पा तेवढाच राहिला, तर प्रमाण आपोआप मोठं दिसेल. आम्ही ज्याला वेगळेपण म्हणत होतो, ती आमच्या बरणीची करामत तर नव्हे?

हे तपासायला साप लागत नव्हता. सोलापुरात मेंढीला काय तोटा? खाटकाकडून मेंढीचं चौथं पोट मागवलं. त्यात हिमॉन्कस हा लाल-पांढऱ्या पिळाचा जंत हमखास असतो. जिवंत नर निवडून दोन वाटे केले. एक वाटा थंड फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा गरम केलेल्या सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. अल्कोहोल ज्योतीवर कधी गरम करायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून करायचं, साठ ते सत्तर अंशांपर्यंत. गरम अल्कोहोलमधले जंत क्षणात ताठ, पेन्सिलच्या रेघेसारखे सरळ झाले. फॉर्मॅलिनमधले वेटोळं घालून आखूड झाले. नराचे काटे मात्र दोन्ही वाट्यांत सारख्याच लांबीचे भरले, कारण काटे कठीण असतात. काट्याची लांबी भागिले अंगाची लांबी, हे प्रमाण फॉर्मॅलिनच्या वाट्यात सगळीकडे मोठं आलं.

विद्यार्थिनीने तो आकडा दोनदा मोजला. मग वहीतल्या "नवीन" शब्दापुढे काही न बोलता प्रश्नचिन्ह काढलं.

सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये आणखी तीन धामणी मिळाल्या. पहिली उन्हात अर्धा दिवस पडून होती, तिच्यातलं काहीच वाचलं नाही. दुसरीत जंतच नव्हते. तिसरी अक्कलकोट रस्त्यावरची, पहाटे मेलेली आणि सकाळी नऊला टेबलावर. तिच्या आतड्यात सहा माद्या आणि चार नर होते. या वेळी विच्छेदनाआधीच अल्कोहोल गरम होतं. मामांनी स्वतः पाण्याच्या भांड्यात थर्मामीटर धरला होता. फॉर्मॅलिनची बरणी त्यांनी कपाटात टाकून कुलूप लावलं होतं.

डीएनएसाठी दोन माद्यांचा आणि एका नराचा फक्त मधला तुकडा कापून पंच्याण्णव टक्के अल्कोहोलमध्ये ठेवला. डोकं आणि शेपूट तशीच राखली. म्हणजे डीएनए ज्याचा, त्याच जंताची ओळख पटवणारे दोन्ही टोकांचे भाग हातात राहतात, आणि पुढे कुणाला शंका आली तर तो तेच तुकडे पाहू शकतो. एका मादीचं डोकं पात्याने कापून स्लाइडवर उभं ठेवलं, समोरून तोंड दिसावं म्हणून. हे काम करताना विद्यार्थिनी श्वास रोखून बसायची. दोन डोकी उडून गेली, तिसरं नीट उभं राहिलं. कॅमेरा ल्युसिडावरून, म्हणजे सूक्ष्मदर्शकात दिसतं ते कागदावर गिरवू देणाऱ्या उपकरणावरून, रेखाटनं काढायला तिला पंधरा दिवस लागले. मोबाइलने फोटो काढून भागत नाही का, असं बरेच जण विचारतात. फोटोत एकाच पातळीवरचं स्पष्ट दिसतं. रेखाटन करणारा माणूस वर-खाली फोकस करत सगळ्या पातळ्या एका कागदावर आणतो, आणि ते करताना त्याला पाहावंच लागतं. पाठीकडच्या किरणातला फरक फोटोत कुणाच्याच लक्षात आला नव्हता. तो तिला पेन्सिलने रेघ ओढताना दिसला.

काय निष्पन्न झालं

सरळ राहिलेल्या सहा माद्यांचं प्रमाण ज्ञात प्रजातींच्या मर्यादेत बसलं. योनिछिद्राची जागाही. म्हणजे जूनमधले दोन्ही "वेगळेपण" फॉर्मॅलिनच्या बरणीत तयार झालेले होते. त्या नऊ माद्यांवरून आम्ही नाव छापलं असतं, तर ते आक्रसलेल्या जंताचं नाव ठरलं असतं.

पण गोष्ट तिथेच मिटली नाही. चारपैकी तीन नरांमध्ये पाठीकडच्या किरणाच्या बाजूच्या फांद्या बुडाच्या अगदी जवळून फुटत होत्या. आम्ही ज्यांच्याशी ताडून पाहिलं त्या वर्णनांत त्या बऱ्याच खालून, टोकाकडे फुटतात. चौथ्या नराचा पडदा एका बाजूने दुमडलेला होता, त्याच्यावरून काहीच म्हणता येत नव्हतं. हा फरक आक्रसण्याने येणारा नाही. तो खरा दिसतो.

डीएनएच्या दोन भागांपैकी एकच नीट वाचता आला. डीएनए क्रमांच्या सार्वजनिक साठ्यात त्याच्याशी तंतोतंत जुळणारा क्रम मिळाला नाही. विद्यार्थिनीच्या डोळ्यात पुन्हा चमक आली आणि मलाही वाईट वाटलं ती विझवताना. या वंशातल्या मोजक्याच प्रजातींचे क्रम त्या साठ्यात आहेत. जुळणारा मिळाला नाही, याचा एवढाच अर्थ की जुळवून पाहायला तिथे फारसं कुणी नाही. डीएनए किती उपयोगी पडू शकतो ते मला माहीत आहे. सापांच्या फुफ्फुसातले जंत बेडकांतल्या रॅब्डियासपासून वेगळे आहेत, हे २०१४ मध्ये डीएनए आणि शरीररचना दोन्ही ताडूनच ठरलं आणि सापांतल्यांसाठी सर्पेंटिरॅब्डियास असा स्वतंत्र वंश केला गेला. पण तिथे तुलनेला दोन्ही बाजूंचे भरपूर नमुने होते. आमच्याकडे एका धामणीतले तीन नर होते. एकाच सापातले जंत एकाच आईची लेकरं असू शकतात, आणि घरात सगळ्यांचं नाक सारखं असावं तशी ती खूण त्या एका घरापुरती असू शकते.

म्हणून आम्ही नाव दिलं नाही. "कॅलिसेफॅलस, प्रजाती अनिश्चित" अशी नोंद, नराच्या शेपटीच्या रेखाटनासह, प्रबंधात गेली. प्रबंधाच्या शीर्षकातला "नवीन" शब्द काढला. नमुन्यांतला एक नर आणि दोन माद्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संग्रहासाठी वेगळ्या काढल्या. जैविक विविधता अधिनियम २००२ प्रमाणे नवी प्रजाती सापडली तर तिची माहिती आणि नमुना नेमलेल्या संग्रहालयाला द्यावाच लागतो. आमची अजून नवी ठरलेली नाही, तरी दिलेला बरा, कारण आमच्या कपाटातल्या बाटलीतलं अल्कोहोल कुणी भरलं नाही तर पाच वर्षांत नमुना वाळून जातो. असे वाळलेले नमुने मी माझ्या आधीच्या शिक्षकांच्या कपाटातून स्वतःच्या हाताने काढले आहेत.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी धामणीबद्दल दोन प्रश्न विचारले आणि उरलेला वेळ मेंढीच्या जंतांवरच्या प्रयोगाबद्दल. तिला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, दुसऱ्या गावी, पण विषय परजीवी गोलकृमीच.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट उघड आहे: जूनमधल्या नऊ जंतांची वाटणी करायला हवी होती. पाच गरम अल्कोहोलमध्ये, दोन थंड पंच्याण्णव टक्क्यांत, आणि फॉर्मॅलिनमध्ये घालायचेच तर उरलेले. एका तासाच्या घाईने आमचे पाच महिने खाल्ले. आता चहाच्या थर्मासमध्ये गरम पाणी आणि आत छोटी अल्कोहोलची बाटली, असा सरंजाम आम्ही सोबत ठेवतो.

दुसरं, जूनमधल्या धामणीचं डोकं गेलेलं होतं आणि आम्ही शेपटी-खवल्यांवरून ती धामण आहे असं धरलं. चूक नसावी, पण खवल्यांच्या रांगा मोजून लिहून ठेवल्या नाहीत, मांसाचा तुकडाही राखला नाही. परजीवीच्या अभ्यासात यजमान प्राण्याची ओळख अशी कच्ची ठेवू नये. आता प्रत्येक सापाचा एक तुकडा आणि चार फोटो ठेवतो.

तिसरं, जंत आतड्याच्या नेमक्या कुठल्या भागात होते, जठराजवळ की शेवटाकडे, हे जूनमध्ये लिहिलंच नाही. नंतर लक्षात आलं की या वंशातल्या प्रजाती आतड्यात आपापली जागा धरून राहतात, म्हणजे तोही एक पुरावा होता. तो हातातून गेला.

एका गोष्टीवर मात्र माझ्या मनात अजून दोन पक्ष आहेत. माझा एक सहकारी ठामपणे म्हणतो की आम्ही नको तितके थांबलो. नराच्या शेपटीचं ते रेखाटन, "प्रजाती अनिश्चित" म्हणून का होईना, तेव्हाच एखाद्या नियतकालिकात छापलं असतं तर पुण्या-नागपुरातला, कर्नाटकातला कुणी अभ्यासक आपल्या बरणीतले नर काढून म्हणाला असता, "माझ्याकडेही असेच आहेत." प्रबंध ग्रंथालयात जातो, तो कोण वाचणार? यात तथ्य आहे. नाव न देणं आणि काहीच न छापणं या दोन वेगळ्या गोष्टी, आणि मी त्या वेळी दोन्ही एकच समजले. ती नोंद आता आम्ही लिहायला घेतली आहे, पहिलं नाव विद्यार्थिनीचं.

नाव द्यायचं तर मात्र तीन गोष्टी लागतील. निदान आणखी दोन धामणींतले, वेगवेगळ्या तालुक्यांतले नर. जमल्यास नाग किंवा तस्कर या सापांतले नर, म्हणजे फांद्यांची ही खूण यजमानाप्रमाणे बदलते का ते कळेल. आणि जुन्या वर्णनांमागचे मूळ नमुने प्रत्यक्ष पाहणं, कारण १९३६ च्या आधीच्या वर्णनांपैकी काही दोन परिच्छेदांची आहेत आणि त्यांत किरणाचं चित्रच नाही.

या वर्षी रोहिणी कोरड्या गेल्या. मोहोळच्या दादांचा काल फोन आला होता, साप नव्हता, नुसतंच विचारायला: "मॅडम, औंदा अल्कोहोल गरम हाय न्हवं?"